आजीच्या कॅसेटवरची बुरशी

आषाढातली ती रविवारची सकाळ. बाहेर नागपूरचा पाऊस धो धो कोसळत होता, आत मी भज्यांचं पीठ भिजवत होते, आणि फोन वाजला. पुण्याहून काका बोलत होते. येत्या दत्तजयंतीच्या सुमारास काका सत्तर वर्षांचे होणार म्हणून माझ्या चुलतभावाने मोठा बेत आखला होता. "बाबा, तुम्हाला भेट काय हवी?" असं त्याने विचारलं, तेव्हा काका "मला काही नको" म्हणून मोकळे झाले होते. मग दोन दिवस विचार करून त्यांनी मला फोन लावला.

"अगं, दादाकडे आईच्या त्या कॅसेट्स असतील का गं अजून? एकदा तिचा आवाज ऐकावासा वाटतो."

मी लगेच हो म्हणाले. बाबांचा नीटनेटकेपणा मला माहीत होता. आमच्या घरात १९८० सालची विजेची बिलंसुद्धा सापडतील, मग आजीच्या कॅसेट्स कुठे जाणार? पुढच्याच शनिवारी मी रायपूरची गाडी पकडली.

रायपूरच्या समता कॉलनीत आमचं घर आहे. छत्तीसगडात मराठी माणसं कशी, असं अनेकजण विचारतात. नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून या भागात मराठी घरं आहेत. जुन्या वस्तीतला तात्यापारा आणि आमच्या शेजारच्या चौबे कॉलनीतलं महाराष्ट्र मंडळ त्याची साक्ष देतात. आमची मराठीही थोडी वेगळीच. "काय करतोस?" असं न म्हणता आजी "काय करून राहिला रे बाळा?" असं विचारायची. कॅसेट्समध्ये होता तो याच बोलीतला आवाज.

काका १९८४ साली नोकरीसाठी मस्कतला गेले. तेव्हा आमच्या घरी फोन नव्हता. परदेशी बोलायचं म्हणजे कॉल लावून वाट पाहत बसायचं आणि तीन मिनिटांत सगळं उरकायचं. आजीला वाचता येई, पण लिहिताना हात थरथरे. पत्र दुसऱ्याकडून लिहून घ्यावं लागे. "सूनबाईलाच लिहायला बसवलं, तर सूनबाईची तक्रार कशी करायची?" असं ती आईसमोरच म्हणायची आणि दोघी हसायच्या.

यावर बाबांनी तोड काढली. त्यांनी टेपरेकॉर्डर आणला. कॅसेटच्या एका बाजूवर आजी अर्धा तास बोलायची. मस्कतला जाणाऱ्या कुणाच्या तरी सामानातून ती कॅसेट काकांकडे जायची. काका ती ऐकून दुसऱ्या बाजूवर आपलं बोलणं भरायचे आणि सुट्टीवर येणाऱ्या कुणाबरोबर तरी परत पाठवायचे. म्हणजे एका बाजूला आई, दुसऱ्या बाजूला मुलगा! अशा अकरा कॅसेट्स आमच्याकडे जमल्या होत्या.

घाई नडली

घरी पोहोचले, चहा झाला आणि बाबांनी आतल्या खोलीतलं लोखंडी कपाट उघडलं. वरच्या कप्प्यातून बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढला. झाकण उघडताच ओलसर, कुबट वास आला. पावसाळ्यात बंद खोलीला येतो तसा. आत अकराही कॅसेट्स ओळीने उभ्या होत्या. प्रत्येकीवर बाबांच्या वळणदार अक्षरात तारीख.

त्यातली पहिली मी उचलली. खिडकीतून आतल्या गुंडाळीवर पांढुरकं काहीतरी दिसलं. पिठाची चिमूट भुरभुरवल्यासारखं. "धूळ असेल," असं म्हणून मी पदराने बाहेरून पुसलं आणि बाबांच्या जुन्या टेपरेकॉर्डरमध्ये ती कॅसेट घातली. काकांना फोनवरच आजीचा आवाज ऐकवावा, अशी माझी हौस!

आधी नुसती खरखर आली. मग एकदम, अगदी कानाशी, आजी बोलली. "बाळा, कसा आहेस रे..." बाबा खुर्चीतून अर्धवट उठले. आई स्वयंपाकघरातून हात पुसत दारात येऊन उभी राहिली. तीस वर्षांनी तो आवाज त्या घरात घुमला होता.

जेमतेम अर्धा मिनिट. मग आजीचा आवाज जड झाला, पाण्याखाली गेल्यासारखा लांबला. आतून चिरचिर आवाज आला आणि सगळं थांबलं. मी घाबरून झाकण उघडलं. टेप रोलरभोवती गुंडाळली गेली होती, चुरगळली होती. ओढून काढताना एके ठिकाणी तुटली.

बाबांनी शांतपणे टेपरेकॉर्डरचं बटण बंद केलं. "राहू दे," एवढंच म्हणाले आणि बाहेर व्हरांड्यात जाऊन बसले. ते रागावले असते तर बरं झालं असतं, असं मला वाटलं.

गुन्हेगार कोण?

बाबांचे एक स्नेही आकाशवाणीत तांत्रिक विभागात होते. निवृत्त होऊन आता जवळच राहतात. संध्याकाळी मी त्यांना बोलावून आणलं. काकांनी (आम्ही मुलं त्यांनाही काकाच म्हणतो) कॅसेट्स खिडकीशी नेल्या, मोबाइलचा टॉर्च लावून एकेक न्याहाळली आणि म्हणाले, "ही धूळ नाही. बुरशी आहे. आता एकही वाजवायची नाही."

लोणच्यावर, पावावर, चामड्याच्या चपलेवर बुरशी येते हे आपल्याला माहीत असतं. पण प्लास्टिकच्या टेपवर? त्यांनी समजावून सांगितलं ते असं. टेपची पट्टी पॉलिएस्टरची असते. चुंबकीय कण असतात लोखंडाच्या ऑक्साइडचे. पण ते कण पट्टीला धरून ठेवायला एक चिकट लेप लागतो. हा लेप, त्यावर साचलेली धूळ, आपल्या बोटांचं तेल, डबीतला कागद हे सगळं बुरशीचं खाद्य. बुरशीचे बीजाणू तर हवेत सगळीकडे असतातच. त्यांना फक्त ओल हवी. हवेतली आर्द्रता ६५-७० टक्क्यांच्या वर काही दिवस टिकली, हवा कोंडलेली असली आणि गरमी असली, की ते रुजतात. आधी गुंडाळीच्या कडेवर पांढरे ठिपके, मग तंतू, मग वेढे एकमेकांना चिकटतात. अशी टेप वाजवली की ती अडकते, तुटते, शिवाय बुरशीची भुकटी यंत्रात पसरते आणि पुढच्या चांगल्या कॅसेटलाही लागते.

"पण रायपूर तर कोरडं," बाबा म्हणाले. "मे महिन्यात ४५ अंश असतं. ओल येणार कुठून?"

काकांनी उत्तर दिलं नाही. फक्त कपाटासमोरच्या खिडकीकडे बोट दाखवलं. तिथे आमचा कूलर होता.

रायपूरच्या उन्हाळ्यात कूलरशिवाय निभाव लागत नाही. बाहेरची तापलेली कोरडी हवा ओल्या वाळ्याच्या ताट्यांतून आत ओढायची, पाण्याची वाफ होताना हवा गार होते. पण ती वाफ जाते कुठे? खोलीतच. दारं-खिडक्या बंद असल्या, की खोलीतली आर्द्रता भराभर चढते. म्हणजे बाहेर रणरणतं ऊन आणि कपाटात पावसाळा! जूनमध्ये कूलर थांबतो तोवर खरा पाऊस सुरू होतो. एप्रिल ते सप्टेंबर, वर्षातले सहा महिने आमच्या कॅसेट्स दमट हवेत होत्या. ज्या कडक उन्हाळ्यात त्या कोरड्या राहायच्या, तोच कूलरने पळवला होता.

बाबांचा चेहरा उतरला. उन्हाने एकदा गाण्यांची एक कॅसेट वाकडी झाली, तेव्हापासून आईच्या कॅसेट्स घरातल्या सगळ्यात गार खोलीत ठेवायच्या, असं त्यांनीच ठरवलं होतं. "मी तर जपूनच ठेवल्या होत्या," ते हळूच म्हणाले.

उन्हात नाही, डब्यात

दुसऱ्या दिवशी सकाळी पावसाने उघडीप दिली, तेव्हा आईने जुनी साडी काढली. पापड-कुरडयांसारख्या कॅसेट्स गच्चीवर वाळवायच्या, असा तिचा बेत. आपल्याकडे ओलीवर पहिला उपाय ऊनच! मी धावत जाऊन तिला थांबवलं. ऊन टेपला चालत नाही. कवच वाकतं, पट्टी आक्रसते, लेप मऊ पडतो. शेजारच्या काकूंनी फ्रीझरचा उपाय सुचवला. तोही चुकीचा. थंडीने बुरशी मरत नाही, फक्त झोपते, आणि बाहेर काढल्यावर टेपवर दव धरतं. शिवाय अति थंडीत टेपमधलं वंगण वेगळं होऊ शकतं. डांबराच्या गोळ्या, डेटॉल, अत्तराचे फवारे, ओलं फडकं यांतलं काहीही टेपला लावायचं नाही.

मग करायचं काय? पहिली गोष्ट म्हणजे आजारी कॅसेट्स निरोगी कॅसेट्सपासून वेगळ्या करायच्या. प्रत्येक कॅसेट स्वतंत्र झिपच्या पिशवीत घालायची. हे काम करताना तोंडाला एन-९५ मास्क आणि हातात मोजे हवेतच. बुरशीच्या भुकटीने दमा, सर्दी, डोळ्यांची खाज होऊ शकते. लहान मुलांना आणि दमेकऱ्यांना त्या खोलीत येऊ द्यायचं नाही.

दुसरी गोष्ट, वाळवणं. ओली बुरशी चिकट असते. पुसायला गेलं की टेपभर पसरते. वाळली की तिची पूड होते आणि ती सहज झटकली जाते. आम्ही घट्ट झाकणाचा मोठा डबा घेतला. तळाशी सिलिका जेलच्या पुड्या ठेवल्या, त्यावर जाळी, आणि जाळीवर डबीतून काढलेल्या कॅसेट्स. सोबत आर्द्रता दाखवणारं छोटं मीटर ठेवलं. पहिल्या दिवशी काटा ७२ वर होता. जेल ओली झाली की रंग बदलते. ती काढून मंद आचेवर पुन्हा कोरडी करता येते. पण त्यासाठी एखादं जुनं भांडं कायमचं वेगळं काढा, स्वयंपाकाला पुन्हा वापरू नका. निळ्या रंगाच्या जेलमध्ये विषारी कोबाल्ट असतं, तेव्हा नारिंगी रंगाचीच घ्या. दोन आठवड्यांनी मीटर ३८ वर आलं.

ते दोन आठवडे मी नागपुरात होते. रोज रात्री बाबांचा फोन यायचा. "आज ५५." "आज ४९." हवामान खात्याचं बुलेटिनच जणू! इतकी वर्षं आमचं फोनवरचं बोलणं 'जेवलीस का?' आणि 'आईला देतो' यापुढे जात नसे. आता ते स्वतःहून आजीच्या आठवणी सांगू लागले होते.

एकेक वेढा सोडवताना

श्रावणात सलग सुट्टी काढून मी पुन्हा समता कॉलनीत गेले. व्हरांड्यात टेबल मांडलं. वर वर्तमानपत्र, मागून मंद पंखा, म्हणजे भुकटी बाहेरच्या दिशेने उडेल.

कॅसेट १९६३ साली फिलिप्स कंपनीने बाजारात आणली. तिच्यातली पट्टी रुंदीला चार मिलिमीटरसुद्धा नसते. साठ मिनिटांच्या कॅसेटमध्ये ती साधारण ९० मीटर लांब असते. सी-९० मध्ये जास्त लांबी मावावी म्हणून पट्टी आणखी पातळ केलेली असते. त्यामुळे ती लवकर तुटते. आमच्या नशिबाने बाबांनी साठ मिनिटांच्याच घेतल्या होत्या.

बऱ्याच कॅसेट्सच्या कवचाला पाच बारीक स्क्रू असतात. ते काढून कवच उघडायचं, गुंडाळीची दोन्ही चाकं अलगद उचलून नव्या, स्वच्छ, स्क्रूच्या कवचात बसवायची. उघडण्यापूर्वी मोबाइलवर फोटो काढून ठेवा, म्हणजे कोणता रोलर कुठे होता याचा घोळ होत नाही. गुंडाळीच्या कडेवरची कोरडी बुरशी मऊ ब्रशने झटकायची. मग आपली जुनी मैत्रीण, सहाकोनी पेन्सिल! ती चाकात घालून टेप हाताने सावकाश एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला गुंडाळायची आणि मध्ये धागे न सुटणाऱ्या मऊ, कोरड्या फडक्याचा हलका स्पर्श द्यायचा. वेढा चिकटला असेल तर ओढायचं नाही. तिथे थांबायचं, पुन्हा काही दिवस डब्यात ठेवायचं.

पेन्सिल बाबा फिरवायचे. वयामुळे त्यांचे हात कापतात, पण त्या कामात ते कापले नाहीत.

गुंडाळून झालं की कॅसेट एकदाच वाजवायची आणि त्याच वेळी संगणकात उतरवून घ्यायची. 'आधी ऐकून बघू, मग रेकॉर्ड करू' असं करू नका. दुसरी संधी मिळेलच असं नाही. प्रत्येक बाजू झाली की टेपरेकॉर्डरचं हेड आणि त्याजवळची धातूची दांडी आयसोप्रोपाइल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या कापसाच्या काडीने पुसायची, रबरी चाक साबणाच्या पाण्याने किंचित ओल्या केलेल्या काडीने. पूर्ण वाळल्याशिवाय पुढची कॅसेट लावायची नाही. आवाज मूळ दर्जाच्या वेव्ह फाइलमध्ये साठवा. एका तासाला साधारण एक जीबी जागा लागते. नातेवाइकांना पाठवायला वेगळी एमपी-थ्री प्रत करा. आणि तीन प्रती ठेवा. एक संगणकात, एक वेगळ्या हार्ड डिस्कवर आणि एक दुसऱ्या गावी. घराला आग लागली, पूर आला, तरी एक तरी वाचते.

मी चुरगळलेल्या पहिल्या कॅसेटचा तुटलेला तुकडा आकाशवाणीतल्या काकांनी खास चिकटपट्टीने जोडून दिला. त्यासाठी घरातली साधी चिकटपट्टी वापरू नये, तिचा गोंद पसरतो. तीस मिनिटांपैकी बाराच मिनिटं ऐकू येण्यासारखी निघाली. तीही लहरत, डोलत. आणखी एक कॅसेट तर सुटलीच नाही. वेढे एकमेकांना इतके चिकटले होते, की पट्टीवरचा तपकिरी लेपच उतरू लागला. आम्ही हात थांबवला. ती पिशवीत बंद करून ठेवली आहे.

व्हिडिओ कॅसेट असेल तर

हे वाचताना तुम्हाला तुमच्या लग्नाची व्हिडिओ कॅसेट आठवली असेल. तिलाही हेच नियम. फक्त तिच्यावर घरी प्रयोग करू नका. व्हिडिओच्या यंत्रातलं हेड सेकंदाला २५ फेरे घेतं, त्यामुळे बुरशीचा एक कण लागला तरी पट्टीवर ओरखडे पडतात. व्हीसीआर बनवणाऱ्या शेवटच्या मोठ्या कंपनीनेही २०१६ साली उत्पादन बंद केलं. म्हणजे उरलेली यंत्रं जुनीच. उतरवून देणाऱ्या दुकानात गेलात, तर तीन प्रश्न जरूर विचारा. कॅसेट लावण्याआधी तुम्ही ती उघडून तपासता का? प्रत्येक कॅसेटनंतर यंत्र साफ करता का? मूळ कॅसेट परत देता का? मी चौकशी केलेल्या एका ठिकाणी "बुरशी वगैरे काही नसतं मॅडम, द्या इकडे, लावून बघतो" असं उत्तर मिळालं. मी आल्या पावली परतले.

ज्या कॅसेट्स अजून चांगल्या आहेत, त्यांच्यासाठी थोडी काळजी पुरे. कूलरची खोली, बाहेरची ओलसर भिंत, जमीन, माळा आणि स्वयंपाकघर टाळा. कॅसेट उभी ठेवा, टेप पूर्ण एका बाजूला गुंडाळून. हवाबंद डब्यात सिलिका जेल घाला, आणि हिवाळ्याच्या कोरड्या दिवसांत वर्षातून एकदा उघडून टॉर्चने पाहा. मात्र खरी काळजी म्हणजे आजच उतरवून घेणं.

कारण ही गोष्ट काही आमच्या एका घराची नाही. २०१९ साली युनेस्कोने जगभरातल्या ध्वनिसंग्रहांना सावध करणारी खास मोहीम काढली. टेप चालवणारी यंत्रं आणि ती दुरुस्त करणारे हात दोन्ही संपत आले आहेत, हा तिचा मुद्दा. आपल्या महाराष्ट्रात हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी सहकाऱ्यांसह खेडोपाडी फिरून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या, अनेक ओव्या बायकांच्या आवाजात टेपवर घेतल्या. वेळीच उतरवल्या गेल्या म्हणून आज त्या 'पारी' या ग्रामीण भारताच्या संग्रहात ऐकता येतात. घरोघरच्या कपाटांतल्या आज्यांसाठी मात्र कुणी संस्था येणार नाही. ते आपणच करायचं.

अकरावी कॅसेट

शेवटची कॅसेट राहिली होती. तारीख : मे १९९५. बुरशी सगळ्यात जास्त हिच्यावरच होती. मी पेन्सिल पुढे केली, पण बाबांनी ती घेतली नाही.

"ही मस्कतला गेलीच नव्हती," ते म्हणाले.

आजी १९९५ च्या जूनमध्ये गेली. काकांना वेळेवर विमान मिळालं नाही, ते दहाव्याला पोहोचले. मे महिन्यात भरलेली ही कॅसेट नेणारं कुणी भेटलं नव्हतं म्हणून घरीच राहिली होती. "तो आला तेव्हा इतका कोसळला होता, की मला द्यायचा धीर झाला नाही. पुढच्या वेळी देऊ म्हटलं. मग पुढच्या वेळी. नंतर वाटलं, आता दिली तर तो विचारेल, इतकी वर्षं का लपवलीस?" बाबांनी चष्मा काढून पुसला. "त्याने मागितल्या तेव्हापासून मला झोप नाही. आणि डबा उघडला तर ही अशी."

आम्ही त्या एका कॅसेटला चार दिवस दिले. मध्ये दोनदा ती पुन्हा डब्यात गेली. चौथ्या दिवशी टेप एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सुटली. मी रेकॉर्डिंग सुरू केलं आणि बटण दाबलं. बावीस मिनिटं निघाली.

त्यात मोठं असं काहीच नाही. आजीने लिंबाचं लोणचं घातलं आहे. चौबे कॉलनीत कुणाच्या मुलीचं लग्न झालं, जेवण बरं होतं, पण मठ्ठा आंबट होता. पैसे पाठवू नकोस, स्वतःला चांगले बूट घे, वाळूत चालून पाय दुखत असतील. मध्येच एक छोटी मुलगी "आजी, मी पण बोलू?" असं विचारते. ती मी. आणि सगळ्याच्या मागे एकसारखी घरघर. आजी मध्येच वैतागते आणि बाबांना म्हणते, तो कूलर बंद कर रे, त्याला माझं बोलणं ऐकू कसं येणार? बाबा म्हणतात, आई, गरमी किती आहे! आणि कूलर चालूच राहतो.

तोच कूलर. बाबांनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे, आणि आम्ही दोघं हसायला लागलो. हसता हसता बाबा रडले. माझ्या आठवणीत मी त्यांना रडताना पहिल्यांदाच पाहिलं.

वाढदिवसाला आम्ही तिघं पुण्याला गेलो. पाहुणे गेल्यावर बाबांनी काकांना आतल्या खोलीत नेलं. कॅसेटची सगळी हकीकत त्यांनी स्वतः सांगितली, काही लपवलं नाही. मग कानाला लावायला हेडफोन दिला. काका खाली मान घालून बावीस मिनिटं ऐकत राहिले. संपल्यावर पुन्हा सुरुवातीपासून लावायला सांगितलं. दुसऱ्यांदा ऐकताना मध्येच त्यांच्या चेहऱ्यावर हसू आलं.

"दादा," ते म्हणाले, "आई सांगत होती, तर कूलर बंद का नाही केलास रे?"

त्या रात्री दोघं भाऊ उशिरापर्यंत बोलत बसले होते. इतकी वर्षं कॅसेट का दिली नाहीस, हा प्रश्न काकांनी विचारलाच नाही.

आता समता कॉलनीतल्या त्या खोलीत कूलर आहेच. त्याच्याशिवाय मे महिना निघणार कसा? पण कॅसेट्सचा डबा बैठकीच्या खोलीत आला आहे. आत मीटर आहे, आणि बाबा रोज सकाळी चहाआधी त्यात डोकावतात. वाचकहो, तुमच्याही कपाटात असा एखादा डबा असेल. तो आजच काढा. पण माझ्यासारखी घाई करू नका. आधी खिडकीशी न्या आणि टॉर्च लावून पाहा.